तिश्ता नावाचं पॅकेज

काम अर्ध्या तासाचं होतं. माझ्या धंद्यातली माणसं हे वाक्य ऐकून हसतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. पण खरंच अर्ध्या तासाचं होतं. एक कमांड लिहायची, एंटर मारायचं, चालतंय का बघायचं आणि संध्याकाळच्या मार्श्रुत्काने, म्हणजे वडापच्या गाडीने, बिश्केकला परत यायचं.

खिंडीच्या पायथ्याशी रस्त्याची चौकी आहे, तिथल्या कॉम्प्युटरवर आमच्या छोट्याशा कंपनीचा एक प्रोग्राम चालतो. वर डोंगराच्या उतारावर रबराच्या मोठ्या पसरट गाद्या बसवलेल्या आहेत. अंगावर बर्फ साठला की त्या वजन कळवतात, आणि वजनावरून प्रोग्राम सांगतो की फाटक उघडा किंवा पाडा. उन्हाळ्यात कुणीतरी जुन्या गाद्या काढून नव्या कंपनीच्या टाकल्या. आम्हाला कळवायची तसदी अर्थातच घेतली नाही. नव्या गाद्या काय बोलतात ते आमच्या प्रोग्रामला कळेना, आणि हिवाळा तोंडावर आल्यावर सगळ्यांना आमची आठवण झाली.

"जाऊन ये सायकाल," आमचे मालक मेदेत बायके म्हणाले. वडीलधाऱ्या पुरुषाला आम्ही आदराने बायके म्हणतो. "तिथलं इंटरनेट धड नाही, इथून काही व्हायचं नाही. भावालाही भेटशील."

माझा धाकटा भाऊ बेकतुर त्या चौकीवर बर्फ काढायचं यंत्र चालवतो. फाटक उघडायच्या आधी रस्ता मोकळा करत सगळ्यांत पुढे तो जातो, ट्रक त्याच्या मागून. तेव्हा प्रोग्राम चुकला तर पहिला नंबर कुणाचा लागणार, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तो गुरुवार होता. गुरुवारी आपा, म्हणजे आमची आई, तेल तापवून बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळते. तळणाचा वास सुटला की तो आपल्या गेलेल्या माणसांपर्यंत पोचतो असं ती मानते. वास त्यांना, आणि खायचं काम आम्हाला. निघताना तिने पिशवीभर गरम बोर्सोक माझ्या हातात कोंबले.

"चौकीतल्या सगळ्यांना दे."

"चौकीत माणसं आहेत दोन, आपा. हे वीस जणांना पुरेल."

"आणि कुणी आलं म्हणजे?"

आपाशी वाद घालण्यात अर्थ नसतो. पिशवी घेतली आणि निघाले.

चौकी म्हणजे चाकांवरचा एक लांबोडा पत्र्याचा डबा. आत कोळशाची शेगडी, दोन बाजा, कोपऱ्यात कॉम्प्युटर, आणि दाराच्या बरोबर समोर, भिंतीशी, जाड लोकरीचा नमदा अंथरलेली पाहुण्याची मानाची जागा. तिला आम्ही तोर म्हणतो. डबा असो की तंबू, तोर मोकळा ठेवायचाच. चौकीप्रमुख असानकुल बायके एका कानाला वायरलेस लावून बसले होते आणि मी आत पाय टाकायच्या आधीच त्यांनी सुरुवात केली.

"आलीस? हे तुमचं धूड कधीपासून मुकं बसलंय. तिकडे फाटकाशी ट्रकवाले माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतायत."

"अर्धा तास, बायके."

"मागच्या खेपेलाही हेच म्हणाली होतीस."

"मागच्या खेपेला ती जेवायला थांबली होती," बेकतुर शेगडीपाशी बूट वाळवत म्हणाला. मला तो एजे म्हणतो, म्हणजे ताई. "एजे, आधी चहा घे. मग तुझा अर्धा तास सुरू कर."

बाहेर बर्फ पडायला लागला होता. दुपार होती, पण खिडकीतून येणारा उजेड दुधात राख मिसळल्यासारखा दिसत होता. मी चहा घेतला, बोर्सोक मध्ये ठेवले आणि कामाला बसले.

आमच्या धंद्यात सगळं स्वतः कुणी लिहीत नाही. जगभरातल्या लोकांनी लिहून ठेवलेले तयार तुकडे असतात, त्यांना पॅकेज म्हणतात. आपल्याला हवं त्याचं नाव घेऊन स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत 'हे जोड' असं लिहायचं. मग त्या कामाचं एक टूल असतं, ते शोधून आणतं, आणि त्या पॅकेजला स्वतःसाठी जी दुसरी पॅकेजं लागतात तीही आपणहून आणून जोडतं. एकाला बोलावलं की त्याच्याबरोबरचे येणारच, असा हा मामला. टूल खरं तर दर वेळी विचारतं की बरोबर अमुक अमुकही येत आहेत, घेऊ का? पण मेदेत बायकेंना हा प्रश्न खपत नसे. "दारात आलेल्याला तू कोण, तुझ्याबरोबर कोण, असं विचारतात का? आपण काय पोलीस आहोत? आधी आत घ्या, चहा द्या, नाव मग विचारा." असं म्हणून त्यांनी आमच्या सगळ्या कॉम्प्युटरांवर या प्रश्नाचं उत्तर कायमचं 'हो' करून टाकलं होतं. परदेशी गिऱ्हाइकं हे ऐकून कपाळाला हात लावतात. आमच्यापैकी कुणालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं.

मी कमांड लिहिली आणि एंटर मारलं. गाद्यांचं पॅकेज आलं, जोडलं गेलं. त्याच्याखाली आणखी एक ओळ आली: तिश्ता जोडलं.

तिश्ता म्हणजे आमच्या भाषेत 'बाहेर'.

परदेशी कंपनीच्या गाद्यांना किर्गीझ नावाचं पॅकेज कशाला लागेल? मी उघडून पाहिलं. लिहिणाऱ्याचं नाव नाही. कुठून आलं त्याचा पत्ता नाही. आत एकच फाइल, आणि तीही कोरी. गाद्यांच्या पॅकेजला ते नको होतं, आमच्या प्रोग्रामला नको होतं. असली भुक्कड पॅकेजं आमच्या नशिबी नेहमीच येतात. मी 'काढ' लिहिलं. टूलने काढलं. प्रोग्राम पुन्हा बांधायला घेतला, आणि बांधता बांधता टूलने आपलं काम केलं: तिश्ता जोडलं.

पुन्हा काढलं. पुन्हा जोडलं.

मी सगळं पुसून पहिल्यापासून सुरुवात केली. गाद्यांचं पॅकेज आणलं, त्याच्या मागोमाग तिश्ता हजर. जुनी आवृत्ती आणून पाहिली, तिच्याबरोबरही हजर. मेदेत बायकेंचा तो 'हो' बदलून मी 'नाही' केला. टूलने तो जुमानलाच नाही आणि तिश्ता जोडलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. चांगल्या प्रोग्रामचा राग येतो, वाईटाचा येतो, पण जो काहीच करत नाही आणि पिच्छाही सोडत नाही, त्याच्यासारखा संताप कशाचा येत नाही.

"अर्धा तास झाला बरं का," असानकुल बायके म्हणाले.

"मला माहितेय!"

"मी आपलं सांगितलं."

शेवटी मी इंटरनेटची तारच उपसून काढली. आता बघू कुठून आणतोस. कमांड दिली. स्क्रीनवर 'आणत आहे' ही ओळ उमटली आणि तिथेच थांबली. नेहमी ही ओळ दिसते न दिसते तोच जाते. या वेळी ती रेंगाळली, इतकी की मी हातातली चहाची वाटी खाली ठेवली. बर्फ पत्र्यावर घासल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. मग सावकाश, एकेक अक्षर केल्यासारखं: तिश्ता जोडलं.

तार माझ्या मांडीवर पडली होती.

मी बेकतुरला काही बोलले नाही. आमच्या धंद्यात न कळणाऱ्या गोष्टी रोज होतात, आणि प्रत्येकीला घाबरायचं म्हटलं तर पोट भरणार नाही. मी म्हटलं, असू दे मेलं, आधी प्रोग्राम चालू करू.

प्रोग्राम चालू झाला. गाद्या बोलायला लागल्या. उतारावरच्या क्रमाने स्क्रीनवर एकाखाली एक पट्ट्या दिसतात, सगळ्यांत वर शिखराजवळची गादी आणि सगळ्यांत खाली आमच्या दाराशी तपासणीसाठी ठेवलेली. वरच्या गाद्यांवर बर्फ बराच होता. पट्ट्या तांबड्या झाल्या आणि खाली मोठ्या अक्षरांत आलं: फाटक पाडा.

"तांबडं?" असानकुल बायके उठून आले. "अगं पोरी, अजून हातभरसुद्धा बर्फ पडलेला नाही!"

"थांबा जरा."

सगळ्यांत वरच्या पट्टीवर काहीतरी हललं होतं. बर्फाच्या वजनावर थोडं वजन आणखी चढलं. फार नाही. एखाद्या माणसाचं असतं तेवढं. थोडा वेळ राहिलं आणि गेलं. मग त्याच्या खालच्या पट्टीवर तेवढंच वजन चढलं. राहिलं. गेलं. मग त्याच्या खालच्या.

"हे काय आहे?" मी म्हटलं.

"बर्फ सरकत असेल."

"बर्फ असा थांबत थांबत सरकत नाही, बायके."

ते वजन एका गादीवरून दुसऱ्या गादीवर येत होतं. मधली एक गादी नादुरुस्त होती, तिथे काही दिसलं नाही, पण पुढच्या गादीवर ते पुन्हा उमटलं, जेवढ्या वेळाने उमटायला हवं तेवढ्याच वेळाने. डब्यात ओल्या लोकरीचा वास यायला लागला. मी बेकतुरच्या बुटांकडे पाहिलं. ते वाळले होते.

शेवटी दारापाशच्या गादीची पट्टी चढली. आणि तिथेच राहिली.

बेकतुर उठला आणि त्याने दार उघडलं. थंडीचा लोट आत आला. बाहेर कुणी नव्हतं. गादीवरचा ताजा बर्फ सपाट होता, पाऊलसुद्धा उमटलेलं नव्हतं. मी स्क्रीनकडे पाहिलं. वजन होतं तसंच होतं.

"एजे," बेकतुर हसून म्हणाला, "दारात कुणी ताटकळत असेल तर आत बोलाव की. आपाला कळलं तर कान उपटेल."

"तू गप्प बस. ते पॅकेज घाण करतंय सगळी. त्याच्यामुळे वजनं चुकतायत."

मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं. दुसरं वाटणार तरी काय? कोरं पॅकेज, भुताटकीसारखी वजनं, आणि हातभर बर्फ नसताना तांबडी झालेली पाटी. वायरलेसवर फाटकाचा माणूस ओरडत होता की ट्रकांत गुरं आहेत, ती गारठून मरतील. असानकुल बायके तिकडे ओरडत होते आणि मग इकडे माझ्यावर ओरडले.

"काढ त्या आगंतुकाला! काय असेल ते काढ आणि मला खरं काय ते सांग!"

टूलमध्ये एक सोय आहे. एखादं नाव लिहून ठेवलं की ते कधीही, कुणाच्याही बरोबर, आत घ्यायचं नाही. मेदेत बायकेंच्या कंपनीत ही सोय आजवर कुणी वापरली नव्हती. मी तिश्ता हे नाव तिथे लिहिलं. दात ओठ खात लिहिलं, आणि एंटर इतक्या जोरात मारलं की वाटीतला चहा हिंदकळला.

या वेळी ते परत आलं नाही. दारापाशची पट्टी शून्यावर गेली. वरच्या पट्ट्या एकामागून एक उतरल्या आणि सगळी स्क्रीन हिरवीगार झाली. फाटक उघडा.

"हां!" असानकुल बायकेंनी माझ्या पाठीवर थाप मारली. "हे आधी करायचं होतंस."

मलाही बरं वाटलं. जिंकल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. बेकतुरने बूट चढवले, खिशात बोर्सोक भरले.

"एजे, संध्याकाळची गाडी धर. पुढच्या आठवड्यात मी घरी येतोच आहे."

"हळू चालव."

"ते यंत्र हळूच चालतं. पळवायचं म्हटलं तरी पळत नाही."

त्याच्या यंत्राचा घरघराट बराच वेळ ऐकू येत होता, मग वळणाआड गेला. मी सामान आवरायला घेतलं. ओल्या लोकरीचा वास गेला होता. डबा एकदम रिकामा वाटत होता, बोर्सोकची परात मध्ये असूनही.

आवाज फार मोठा झाला नाही. दूर कुठेतरी जड दार लोटून घ्यावं तसा झाला. मग फळीवरच्या वाट्या एकमेकींवर किणकिणल्या आणि थांबल्या.

असानकुल बायकेंनी वायरलेस उचलला. "बेकतुर. बेकतुर, बोल."

नुसती खरखर.

"बेकतुर... ऐकतोयस का?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. हिरवी होती. डोंगर खाली आला होता, खिडकीतून समोरचा उतार पांढऱ्या धुरात नाहीसा झालेला दिसत होता, आणि स्क्रीन हिरवी होती. फाटक उघडा, फाटक उघडा. तिश्ता असताना ती तांबडी होती. तिश्ता असतानाच ती खरं बोलत होती.

मी बंदी उठवली. 'तिश्ता जोड' असं लिहिलं.

असं पॅकेज कुठेही नाही.

पुन्हा लिहिलं. असं पॅकेज कुठेही नाही. तार लावली, तार काढली, सगळं पुसलं, पुन्हा बांधलं. दुपारभर ज्याने पिच्छा सोडला नव्हता ते आता नव्हतंच कुठे. मी टेबलावर मूठ आपटली, स्क्रीनला शिव्या दिल्या. असानकुल बायके वायरलेसवर मदत मागत होते. पलीकडून उत्तर आलं की बर्फ थांबल्याशिवाय कुणी निघू शकत नाही, उजाडल्यावर बघू.

"उजाडेपर्यंत तो..." असानकुल बायकेंनी वायरलेस खाली ठेवला.

आपाच्या घरात एक रीत आहे. तशी ती आमच्याकडे सगळ्यांच्याच घरात आहे. दारातून माघारी धाडलेला माणूस आपण होऊन परत येत नाही. घरच्यानेच उंबऱ्याबाहेर जाऊन, मोठ्याने, पुन्हा बोलवावं लागतं. मी चांगली शिकलेली बाई आहे, आणि तेव्हा मला दुसरं काहीही सुचत नव्हतं. मी दार उघडलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. बर्फाचे कण डोळ्यांत जात होते. समोर काही दिसत नव्हतं.

"कोण असाल ते..." तोंडात बर्फ गेला. मी पुन्हा जोर केला. "कोण असाल ते आत या! तोर मोकळा आहे! चहा गरम आहे... बरोबर कुणी असेल त्यांनाही घेऊन या!"

वाऱ्याने शब्द उचलून नेले. मी आत आले, दार तसंच उघडं ठेवलं. असानकुल बायके माझ्याकडे बघत होते. मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी किटली शेगडीवर सरकवली.

तेवढ्यात स्क्रीन हलली. मी तिच्या जवळपासही नव्हते.

तिश्ता जोडलं.

त्याखाली आणखी एक नाव आलं. मग आणखी एक. मग थांबेचना. ओळींमागून ओळी, जोडलं, जोडलं, जोडलं. कधी पुरुषाचं नाव, कधी बाईचं. काही नावं आमच्या आजोबांच्या वेळच्या लिपीत होती, ती मला वाचता येत नव्हती. आणि काही कुठल्याच लिपीतली नव्हती. प्रत्येक ओळीबरोबर डब्याची फळी कुठेतरी करकरत होती. आधी दाराशी, मग मध्ये, मग तोरापाशी. चाकांवरचा डबा हळूहळू खाली बसत होता. शेगडी लालबुंद होती आणि माझ्या तोंडातून वाफ निघत होती. ओल्या लोकरीचा, घोड्याच्या घामाचा आणि फार जुन्या बर्फाचा वास इतका दाटला की श्वास घेववेना.

असानकुल बायके चहा ओतत होते. त्यांचे ओठ हलत होते, पण ओतत होते. वाट्या संपल्या. मग त्यांनी पेले घेतले, मग बरण्यांची झाकणं.

"पुरत नाहीत गं..." ते कुजबुजले. "पुरत नाहीत."

स्क्रीन पुन्हा तांबडी झाली होती. दारापाशच्या गादीची पट्टी वर टेकली होती, तिला पुढे जागाच नव्हती. आणि मग नावं थांबली.

दारात बेकतुर उभा होता.

पांढराफटक, पापण्यांवर बर्फ, डोक्यावर टोपी नाही. मी धावले तर त्याने हात वर करून मला थांबवलं. मग तो दार धरून बाजूला सरला, उजवा हात छातीवर ठेवला आणि किंचित वाकला.

"या बायके... तुम्ही आधी. या एजे. सांभाळून, पायरी आहे."

"बेकतुर... कुणाशी बोलतोयस?"

"थांब ना जरा. मोठी माणसं आहेत."

त्याची नजर एकेकाबरोबर दारापासून आतपर्यंत जात होती आणि पुन्हा दाराशी येत होती. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. सगळ्यांत शेवटी तो स्वतः आत आला, आणि त्याने दार लावलं.

मी त्याला मिठी मारली. तो दगडासारखा गार होता. मग हळूहळू कापायला लागला, आणि मी मोठ्याने रडले, कारण कापणारा माणूस जिवंत असतो असं मी कुठेतरी ऐकलं होतं.

"यंत्र गेलं," तो म्हणाला. "खाली गाडलं गेलं."

"तू बाहेर उडी मारलीस ना? वेळेवर उतरलास ना?"

त्याने पापण्यांवरचा बर्फ पुसला.

"उतरल्याचं काही आठवत नाही, एजे. अंधार होता. फार वेळ अंधार होता. मग तू हाक मारलीस. मला वाटलं मलाच मारलीस. पण ती सगळ्यांनी ऐकली. सगळे उठून चालायला लागले... मी त्यांच्या मागून आलो."

सकाळी वाट्या, पेले, झाकणं सगळी कोरडी होती. परातीत एकही बोर्सोक नव्हता. डबा पुन्हा आपल्या उंचीवर आला होता. असानकुल बायके आणि मी त्याबद्दल एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही. डॉक्टरांनी बेकतुरला तपासलं, बोटंसुद्धा शाबूत होती. नशीबवान आहेस म्हणाले. हिवाळा संपेपर्यंत तो प्रोग्राम एकदाही चुकला नाही.

वसंतात रस्त्याच्या खात्याचा माणूस तपासणीला आला. त्याने मेदेत बायकेंना विचारलं की तुमच्या प्रोग्राममध्ये हे कोरं, बेवारशी पॅकेज कशाला आहे? सुरक्षेच्या नियमात बसत नाही, काढून टाका, नाहीतर कंत्राट विसरा. मी टाळाटाळ करत राहिले. आज करते, उद्या करते. शेवटी एका दुपारी मेदेत बायके खुर्ची ओढून माझ्या बाजूलाच बसले.

"चौकीच्या प्रोग्रामची प्रत इथे आहेच, त्यातून काढ माझ्यासमोर. एका ओळीचं काम आहे, महिनाभर नाचवते आहेस."

खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, खाली रस्त्यावर कुणीतरी आइस्क्रीमसाठी हुज्जत घालत होतं. अशा उजेडात खिंडीवरचा तो दिवस मला स्वतःलाच खोटा वाटायला लागला होता. बेकतुर आदल्या रात्रीच आपाकडे राहायला आला होता, सकाळी माझ्याशी नाश्त्यावरून भांडला होता. मी 'तिश्ता काढ' असं लिहिलं.

काढता येत नाही. हे दुसऱ्या कुणाला तरी लागतं.

असं होतं कधीकधी. एक पॅकेज दुसऱ्याच्या आधारावर उभं असतं, तेव्हा टूल अडवतं. कुणाला लागतं ते विचारायचीही एक कमांड आहे. ती मी दिली. एकच ओळ आली, एकच शब्द.

बेकतुर.

असं पॅकेज मी कधी केलं नव्हतं. कंपनीत कुणीच केलं नव्हतं.

"हा काय चावटपणा आहे?" मेदेत बायके वैतागले. "भावाच्या नावाने चाचणीचं काहीतरी ठेवलं असशील आणि विसरली असशील. जबरदस्तीने काढ."

जबरदस्तीने काढायची कमांडही आहे. माझ्या बोटांना ती पाठ आहे. मी ती लिहूनही टाकली, एंटरवर बोट गेलं, आणि फोन वाजला. बेकतुर होता.

"एजे..." तो फार हळू बोलत होता. "तू आत्ता काही करते आहेस का?"

"का रे?"

"मी घरातच बसलोय. आपा समोर आहे, चहा ओततेय. पण मला दाराबाहेर उभं असल्यासारखं वाटतंय. मी तिला हाक मारतोय, एजे... ती बघतच नाही माझ्याकडे."

मी एंटरवरचं बोट उचललं. लिहिलेली ओळ पुसायला लागले. मेदेत बायके काहीतरी बोलत होते, मला ऐकू येत नव्हतं. एक अक्षर, मग दुसरं, शेवटचं अक्षर पुसलं जाईपर्यंत फोनमध्ये नुसता वारा वाहत होता.

मग वारा थांबला, आणि वाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. पाठोपाठ आपाचा दचकलेला आवाज.

"अगं बाई... बेकतुर? तू कधी आलास आत?"